खात्यात वर्षाला साडेअठरा लाख जमा, घरी येतात महिन्याला चाळीस हजार. टॅक्स नक्की कशावर?

बारा_तेराचा_पाना (कराड)
८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, कराडला, विट्याच्या रस्त्याला. अकरा वर्षं झाली. मी एकटा मिस्त्री आणि हाताखाली एक पोऱ्या, १९ वर्षांचा. शिक्षण आयटीआय. हिशेबातलं मला काय कळत नाही, इंजिनाचा आवाज ऐकून टायमिंग चेन गेली का टॅपेट वाजतंय तेवढं सांगतो.

झालं असं की मला हायड्रॉलिक रॅम्प घ्यायचाय. उकिडवं बसून बसून गुडघ्यांचं पार भुसकट झालं. रॅम्प आणि कॉम्प्रेसर मिळून १ लाख ८० हजारांचं कोटेशन आलं. ते घेऊन बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले रिटर्न दाखवा. मी आजपर्यंत एकपण रिटर्न भरलेलं नाही. पॅन कार्ड आहे, तेपण गाडीच्या कर्जासाठी काढलेलं. साहेबांनी खात्याचा उतारा बघितला आणि चष्मा वर करून म्हणाले, "अहो, एप्रिल २४ ते मार्च २५ मध्ये तुमच्या खात्यात १८ लाख ४८ हजार जमा झालेत, आणि रिटर्न नाही?" ते 'अहो' असं काही म्हणाले की मला तिथंच घाम फुटला.

संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढला. एकानं मोबाईलवर आकडेमोड करून सांगितलं, १८ लाख ४८ हजारांवर अडीच लाख टॅक्स बसतो. दुसरा म्हणाला, बंगळुरूला फोन-पे बघून भाजीवाल्यांना नोटिसा आल्यात, आता तुझा नंबर. शेजारचा किराणावाला म्हणाला, ४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही, गप बस.

अडीच लाख मी कुठून आणू? माझ्या हातात सगळं जाऊन महिन्याला ४० हजारांच्या आसपास पडतात. गिऱ्हाईक ३ हजार देतं त्यातले २ हजार तर स्पेअरचेच असतात, ते मी दुपारीच दुकानदाराला दिलेले असतात. तरी ते माझं उत्पन्न? रात्री झोप नाही. जाणकारांनी सांगावं.

रोखठोक_९९
८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

भाऊ, सोपं आहे. क्यूआरचा स्टिकर उद्या सकाळी खरवडून काढ. "फक्त रोख" अशी पाटी लाव. खात्यात पैसाच आला नाही तर कोण काय विचारणार? बंगळुरूवाल्यांनी तेच केलं.

जुना_मुनीम (नाशिक)
९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

रोखठोक, तुमचा सल्ला ऐकून मी चहा खाली ठेवला. मी २६ वर्षं एका सीएंच्या ऑफिसात वह्या लिहिल्या, आता घरी असतो. "स्टिकर काढा" म्हणणारे लोक आमच्याकडे दर मार्चला यायचे, फक्त तेव्हा स्टिकरच्या जागी चेकबुक होतं. पैसा रोख आला काय नि मोबाईलवर आला काय, धंद्याची उलाढाल तीच राहते. उलट रोखीला कायदा जास्त कडक आहे, ते खाली सांगतो.

पाना, तुमचं वय माहीत नाही, पण अकरा वर्षं गॅरेज म्हणजे माझ्या मुलाएवढे असाल, म्हणून अरे-तुरे करतो. आधी नीट झोप. अडीच लाखांचा तो आकडा तुझा नाही. तुझ्या मित्रानं गुणाकार बरोबर केला, पण चुकीच्या आकड्याचा. सगळं वजा जाऊन १८ लाख ४८ हजार निव्वळ उत्पन्न असलेल्या माणसाला तेवढा कर बसला असता. तुझी ती जमा आहे. उत्पन्न वेगळं.

जमा, उलाढाल आणि उत्पन्न या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या डोक्यात (आणि बँकेच्या साहेबांच्याही) त्यांचा काला झालाय. खात्यात जे जे आलं ती जमा. त्यातलं धंद्याचं तेवढं वेचायचं, आणि खात्यात न आलेली रोख त्यात मिळवायची, ती उलाढाल. त्यातून स्पेअर, भाडं, लाईट, पोऱ्याचा पगार गेला की राहतं ते उत्पन्न. आयकर या शेवटच्यावर. जीएसटीची मर्यादा मात्र मधल्यावर बघतात. हे लक्षात ठेव, कारण मला तुझ्या किराणावाल्या शेजाऱ्याच्या ४० लाखांची जास्त काळजी वाटतेय.

बंगळुरूचं खरं आहे. जुलैत तिथल्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयचे आकडे काढून छोट्या दुकानदारांना नोटिसा दिल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची आली, ती पेपरात गाजली. पण त्यातली गोम बघ. ताज्या भाजीवर जीएसटीच नसतो. खात्याला फक्त जमा दिसली, माल कसला ते दिसलं नाही. म्हणजे ज्याच्याकडे वही आहे तो उत्तर देऊ शकतो.

तुझ्याकडे वही आहे का? असेल तर गेल्या वर्षीची खरेदी किती, रोखीत किती आले आणि खात्यात धंद्याव्यतिरिक्त काय आलं, एवढं लिही. मग बोलू.

बारा_तेराचा_पाना
९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

काका, तुम्ही अरे-तुरेच करा, बरं वाटतं. वही आहे! माझी नाही, मंडळींची. ती रोज रात्री मला विचारून निळ्या वहीत लिहिते. मी त्याला नावं ठेवायचो. आज रविवार म्हणून दोघं मिळून दिवसभर बसलो, पोरांनी मॅगी खाल्ली.

खात्यातले १८,४८,००० फोडले तर असं निघालं. आमच्या गल्लीची भिशी माझ्याकडं आहे, १२ जण, प्रत्येकी २,५००. सगळे माझ्याच क्यूआरवर टाकतात. म्हणजे महिन्याला ३० हजार, वर्षाला ३,६०,००० हे नुसते येतात आणि जातात. मेव्हण्यानं हातउसने परत केले ५०,०००. माझी जुनी गाडी विकली ३८,०००. हे सगळं वजा केलं तर गॅरेजचे १४ लाख राहिले. रोखीत आलेले वहीत ४,६०,००० आहेत, ते कधी बँकेत गेलेच नाहीत, त्यातनंच स्पेअरवाल्याला आणि पोऱ्याला देतो. म्हणजे एकूण १८,६०,०००. गंमत बघा, बँकेचा आकडा आणि हा आकडा जवळजवळ सारखा, पण आतला माल सगळा वेगळा.

खर्च: स्पेअर आणि ऑइल ११,२०,०००. गाळ्याचं भाडं ७ हजार महिना. लाईट १,८०० धरा. पोऱ्याला ९ हजार आणि दिवाळीला एक पगार जादा. बाकी हत्यारं, चिंध्या, रॉकेल, चहा ३०,०००. हे सगळं जाऊन मंडळींनी खाली रेघ मारली, ४,८७,४००. ती माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, "एवढे मिळतात तर जातात कुठं?" काका, तुमच्यामुळं वेगळंच प्रकरण चालू झालं घरात.

जुना_मुनीम
१० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

त्या प्रकरणात मी पडत नाही. पण वहिनींना माझा नमस्कार सांग. ही वही म्हणजे तुझ्या गॅरेजातलं सगळ्यात महाग हत्यार आहे.

आता ऐक. लहान धंद्यासाठी आयकरात कलम ४४एडी आहे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येतोय, तेव्हा कलमांचे आकडे बदलतील. मी मात्र मरेपर्यंत ४४एडीच म्हणणार.) उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर तू ताळेबंद, ऑडिट काही न करता अंदाजे नफा दाखवू शकतोस. मोबाईल-बँकेतून आलेल्या पैशावर किमान ६ टक्के, रोखीवर किमान ८ टक्के. रोखठोक, बघितलंत? रोखीला २ टक्के जादा.

या हिशेबानं तुझं किमान उत्पन्न किती? १४ लाखांचे ६ टक्के ८४,०००. ४ लाख ६० हजारांचे ८ टक्के ३६,८००. मिळून १,२०,८००. शेकडो लोक हाच आकडा टाकून मोकळे होतात, आणि त्यांना वाटतं आपण सरकारला फसवलं. कायद्यात मात्र 'किमान' आहे. प्रत्यक्षात जास्त मिळत असेल तर जास्त दाखवायचं असतं. तुझ्या वहीत ४,८७,४०० आहेत.

आणि खरी गंमत पुढे आहे. समजा तू १,२०,८०० दाखवलेस. बँकेचा साहेब बाराने भागणार. महिन्याला १० हजार कमावणाऱ्याला १ लाख ८० हजार कोण देईल? आता ४,८७,४०० दाखव, त्यात बचत खात्याचं व्याज मिळव. ते आयकर पोर्टलवरच्या तुझ्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे असलेल्या तुझ्या वर्षाच्या व्यवहारांच्या यादीत दिसेल, बघून घे. समजा २,६०० असेल, तर झाले ४,९०,०००. त्या वर्षी नव्या करपद्धतीत पहिले ३ लाख माफ होते, पुढच्या १,९०,००० वर ५ टक्के, म्हणजे ९,५००. आणि उत्पन्न ७ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली तो सगळा कर माफ. तुझा कर शून्य.

परत सांगतो. खरं उत्पन्न दाखवून कर शून्य, आणि खोटं दाखवूनही शून्य. मग खोटं दाखवून तू काय मिळवलंस? लपवायला तुझ्याकडे काही नाहीच रे. पण 'कर नाही म्हणजे रिटर्न नाही' हे चूक. उत्पन्न मूळ माफीच्या, म्हणजे त्या पहिल्या ३ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, सूट त्या रिटर्नमध्येच मागायची असते. अकरा वर्षं तू तीच चूक केलीस.

मुदत १६ सप्टेंबरला संपली. पण ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्यानं उशिराचा दंड १,००० रुपये. पाच लाखांच्या वर एक रुपया गेला असता तर ५,०००. आयटीआर-४, सुगम म्हणतात तो फॉर्म. त्यात शेवटी उधारी किती येणं, दुकानदारांचं किती देणं, शिल्लक माल आणि हातातली रोख हे चार आकडे मागतात. ३१ मार्चचे आकडे टाक. नट-बोल्टचे डबे मोजत बसू नकोस, पण फळीवरचं ऑइल, क्लच प्लेट, ब्रेक शू हे खरेदीच्या भावानं मांड.

२३-२४ सालाचं आता नेहमीच्या वाटेनं भरता येणार नाही. साहेबांना सांग, हे एक भरलेलं घ्या आणि चालू वर्षाचं एप्रिल-मेमध्ये लगेच देतो. चालू वर्षाला तर माफी १२ लाखांपर्यंत गेलीय.

एक बारकी गोष्ट. ४४एडी एकदा धरलं की पाच वर्षं सोडू नये. मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत मिळत नाही.

आता ते ४० लाख. या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर उलाढाल किती झाली?

गिरणीवाली (लातूर)
१० नोव्हेंबर, दुपारी २.१०

पाना दादा, एक सांगते, त्यात मी पोळलेय. बँक उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) पण मागेल. आमच्या चौकातल्या एका सेवा केंद्रात त्याचे माझ्याकडून २,५०० घेतले, वर "मॅडम, अर्जंटचे ५०० जादा". नंतर भाच्यानं दाखवलं की सरकारी साइटवर ते पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, दहा मिनिटं. एक रुपया फी नाही. गूगलवर शोधलं की वरच्या जाहिरातीत सरकारी वाटावी अशी पाच-सहा दुकानं दिसतात, त्यांच्यावर बोट ठेवू नका. पत्त्यात जीओव्ही डॉट इन बघा.

शॉप ॲक्टचंपण तसंच. कामाला अगदी थोडी माणसं असतील तर महाराष्ट्रात आता नुसतं कळवायचं असतं, परवाना नाही. पोऱ्या एक म्हणजे तुम्हाला तेवढंच. आणि तुमची रक्कम मुद्रा कर्जाच्या 'किशोर' गटात बसते, ५० हजारांच्या वर ते ५ लाख. शाखेत त्याच नावानं विचारा.

(पोरांच्या मॅगीवर हसू आलं. आमच्याकडे मार्चमध्ये पीठ घरचं असून भाकरी विकतची येते.)

बारा_तेराचा_पाना
१० नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, धन्यवाद. काका, तुमचा मेसेज मंडळींना वाचून दाखवला. "महाग हत्यार" ऐकून ती दिवसभर गुणगुणत होती.

एप्रिल ते ऑक्टोबर १२,९०,०००. दसरा-दिवाळीला सर्व्हिसिंगची गर्दी झाली. सरासरी १ लाख ८५ हजार पडते महिन्याला. पण ४० लाख कुठं आणि हे कुठं, काका? त्याची कशाला काळजी?

जुना_मुनीम
११ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

हेच भोवतं लोकांना. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना. किराणावाला साखर विकतो, त्याचं बरोबर आहे. तू स्पेअर विकतोस, ते माल. पण तू मजुरी घेतोस, ती सेवा. सेवा आली की मर्यादा २० लाख, आणि ती नुसत्या मजुरीवर नाही, मजुरी अधिक स्पेअर अशा सगळ्या उलाढालीवर. १२ लाख ९० हजारांत दरमहा १ लाख ८५ हजार मिळवत जा. फेब्रुवारीच्या शेवटी तू २० लाख ओलांडतोस. ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते.

तुझ्या बँकेच्या साहेबानं आयकरावरून घाबरवलं. तिथे तुझं देणं १,००० रुपये. ज्यानं "गप बस" म्हणून धीर दिला तिथे खरी अडचण आहे.

नोंदणी केलीस तर काय होतं ते आकड्यांत बघ. पुढच्या वर्षी उलाढाल २२ लाख आणि स्पेअरची खरेदी १३ लाख धरू. नेहमीच्या पद्धतीनं स्पेअर आणि मजुरी दोन्हींवर १८ टक्के. सप्टेंबरपर्यंत स्पेअरवर २८ होते, २२ तारखेपासून १८ झाले, तेवढं बरं. गिऱ्हाईकाला दर वाढवून सांगता आला नाही, तर २२ लाखांच्या आतूनच कर काढायचा: साधारण ३ लाख ३५ हजार. त्यातून खरेदीवर आधीच भरलेले १ लाख ९८ हजार वजा मिळतात. खिशातून १ लाख ३७ हजार जातात. आणि ती वजावट केव्हा? होलसेलवाल्यानं तुझ्या जीएसटी नंबरावर पक्कं बिल दिलं तरच. चिठ्ठीवर लिहून देत असेल तर विसर.

दुसरी वाट कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्यानं उलाढालीवर ठरलेला टक्का भरून मोकळं व्हायचं. मजुरी मोठी असल्यानं तुला दुकानदारांचा १ टक्का मिळत नाही, सेवावाल्यांचा ६ टक्के, ५० लाखांपर्यंत. २२ लाखांचे १ लाख ३२ हजार. गिऱ्हाईकाकडून जीएसटी म्हणून वेगळा मागायचा नाही, खरेदीची वजावट नाही. पण काम थोडं: तीन महिन्यांनी एकदा भरणा, वर्षाला एक रिटर्न. दोन्हींत फरक ५ हजारांचा. तुझ्यासारख्याला मी कंपोझिशन सांगेन, डोकं शांत राहतं. पण ५ लाखांच्या कमाईतून १ लाख ३२ हजार म्हणजे महिन्याला ११ हजार, हे गोड लागणार नाही. खोटं कशाला सांगू?

शिवाय पीटीईसीपण असतं, म्हणजे धंदेवाल्यानं स्वतःचा भरायचा व्यवसाय कर, वर्षाला २,५००. आणि पोऱ्याला ९ हजार देतोस ना? महाराष्ट्रात पुरुषाचा पगार साडेसात हजारांच्या वर, दहा हजारांपर्यंत असला की दरमहा १७५ रुपये व्यवसाय कर कापून मालकानं भरायचा असतो. हे तू नक्कीच करत नाहीस.

रोखठोक_९९
११ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

बघा, मी म्हणत होतो. प्रामाणिक राहिलं की ११ हजारांचा हप्ता. वहिनींच्या नावानं स्पेअरचं वेगळं दुकान दाखव कागदावर. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दोघं २० च्या आत.

टू_स्ट्रोक (पंढरपूर)
११ नोव्हेंबर, रात्री ९.४५

पाना भाऊ, मीपण गॅरेजवाला. कागदावरचं दुकान वगैरे नको, एकच शटर, एकच क्यूआर, कोणपण ओळखतंय. आम्ही दोन वर्षांपूर्वी साधं केलं. टायर, बॅटरी, चेन-स्प्रॉकेट, ब्लॉक-पिस्टन हे मोठं सामान मी आणतच नाही. गिऱ्हाईकाला चिठ्ठी देतो, ते दुकानात जातं, स्वतः पैसे देतं, बिल त्याच्या नावानं. मी बसवायची मजुरी घेतो. माझ्याकडं फक्त ऑइल, केबल, प्लग, ब्रेक शू असलं किरकोळ.

तोटा आहेच. मोठ्या सामानावर १०-१२ टक्के सुटायचे ते गेले. शिवाय गिऱ्हाईक कधी डुप्लिकेट घेऊन येतं आणि महिन्यानं मलाच शिव्या देतं. पण वॉरंटीचं भांडण दुकानदाराशी होतं, माझ्याशी नाही. वारीच्या दिवसांत मात्र हे चालत नाही. वारकऱ्याची गाडी बंद पडली तर तो दुकान शोधत फिरणार का? तेव्हा मीच आणून टाकतो.

जुना_मुनीम
१२ नोव्हेंबर, सकाळी ७.००

टू_स्ट्रोक बरोबर बोलले. यात लबाडी नाही, कारण व्यवहार खरंच दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात होतो. पैसे तुझ्या क्यूआरवर घेऊन तू दुकानदाराला पाठवलेस तर मात्र ते परत तुझ्या उलाढालीत. तेवढी एक रेघ पाळायची.

पाना, तुझं वर्षाला ४ लाखांचं असं मोठं सामान असेल, तर १२ टक्क्यांनी ४८ हजारांवर पाणी. समोर १ लाख ३२ हजार. आणि तू १८ लाखांवर येतोस. पण दोन-तीन वर्षांत धंदा वाढला तर नोंदणी टळणार नाही, आणि टाळूही नये. रॅम्प आला की गाड्या जास्त उरकतील ना? मग हा हिशेब दरवर्षी ऑक्टोबरात करायचा. वहिनींना सांग, महिन्याच्या शेवटी एक बेरीज जादा, 'एप्रिलपासून आजपर्यंत'.

वहिनींच्या नावाचं दुकान त्या खरंच चालवणार असतील, वेगळी जागा, वेगळं खातं, त्यांची खरेदी, तर गोष्ट वेगळी. नुसत्या पाटीनं काही होत नाही, रोखठोक.

आणि ती भिशी त्या खात्यातून आजच हलव. भिशीच्या कायदेशीरपणात मी शिरत नाही, पण गॅरेजला वेगळं चालू खातं काढ, क्यूआर त्याला जोड. नाहीतर पुढच्या वर्षी परत सगळा रविवार जाईल आणि पोरं परत मॅगी खातील.

बारा_तेराचा_पाना
६ डिसेंबर, रात्री ८.२०

मंडळी, सांगायचं राहिलं होतं. चालू खातं काढलं. भिशी शेजारच्या काकूंच्या गळ्यात घातली, त्या खूश, बारा जणांत मान मिळाला. गॅरेजच्या भिंतीवर पेंटरकडून लिहून घेतलं, "टायर, बॅटरी व चेनसेट ग्राहकांनी दुकानातून आणावे, बसवून मिळेल." त्यानं 'बसवून'च्या जागी 'फसवून मिळेल' लिहिलं होतं. दोन दिवस तसंच होतं, मला एका गिऱ्हाईकानं फोटो दाखवला तेव्हा कळलं.

पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाईकं रागावली. "एवढ्यासाठी मी परत गावात जाऊ?" एक गेला तो आलाच नाही. बाकी सवय होतेय.

रिटर्न इथल्या एका सीएंच्या मुलीकडून भरलं, तिनं ८०० घेतले. ४,९०,१२० आलं, व्याज २,७२० निघालं. दंड १,००० ऑनलाइन भरला. टॅक्स शून्य. ती म्हणाली, एवढी व्यवस्थित वही घेऊन गॅरेजवाला पहिल्यांदाच आला. मंडळी बरोबरच होत्या, त्यांनी ऐकलं. आता माझं घरात काय खरं नाही. उद्यम मी स्वतः काढलं, फुकटात. सोमवारी कागद घेऊन बँकेत जातोय.

जुना_मुनीम
६ डिसेंबर, रात्री ८.४५

छान. रिटर्न भरलं म्हणतोस, पण ई-व्हेरिफाय केलंस का? आधारचा ओटीपी टाकून. ३० दिवसांनंतर केलं तर त्या दिवशी भरलं असं धरतात, केलंच नाही तर भरलेलं धरत नाहीत, आणि तुझी ३१ डिसेंबरची मुदत आहे. बँकेला पावतीवर ते दिसलं पाहिजे.

बारा_तेराचा_पाना
६ डिसेंबर, रात्री ९.३०

काका, नव्हतं झालं! त्या मुलीनं त्या दिवशी दोनदा ओटीपी पाठवला होता, "आला नाही" म्हणून राहिलंच. आत्ता कळलं, मोबाईल पोऱ्याकडं होता. ओटीपी दोन्ही वेळा आला होता. फसवणुकीचा असेल म्हणून त्यानं कुणाला सांगितलाच नाही, वर डिलीट करून टाकला. मीच त्याला शिकवलं होतं तसं.

आत्ता तिला फोन करून परत मागवला. झालं व्हेरिफाय.